नशापाणी न करता

तारखेची जागा मोकळी सोडली. ती शेवटी भरतात.

वेंगुर्ला, तहसील कचेरीसमोर,
झेरॉक्सच्या दुकानाला खेटून माझं टेबल.
पाचशेचा स्टॅम्प वाऱ्याने उडू नये म्हणून
बस्त्यावने खिशातून काढून
त्याच्यावर ठेवलेला पितळी युनियन, अर्धा इंची.

लिहून घेणार: सौ. मृदुला आरोलकर, राहणार उभादांडा,
पाहुण्यांसाठी सहा खोल्या, सहा न्हाणीघरं,
एक विहीर, जी मे महिन्यात मचूळ होते
(हे करारात नाही, तिने मला हळूच सांगितलं).
लिहून देणार: बस्त्याव मिंगेल लोबो, वय वर्षे एकसष्ट,
धंदा नळजोडणी.
“धंदो नको लिवू, बाय. काम लिव.”
बरं. काम.

कारणे करारनामा लिहून देतो ऐसा जे
इथपर्यंत आलं की माणसं गप्प होतात,
पाय जवळ घेऊन बसतात.
मी वाचत जाते, तो मान डोलवतो:
फोन आल्यापासून चार तासांत हजर राहीन
(आयतवारी मीस सुटल्यार, हे त्याचं),
वॉशर, टेप, सोल्युशन माझं,
पाईप आणि नळ मालकिणीचे,
दरमहा अडीच हजार, दहा तारखेच्या आत.

एक वर्षाची हमी, कोणत्याही कारणाने गळती झाल्यास,
इथे त्याने हात वर केला.
“सांध्याची देतंय. खाऱ्या वाऱ्याची खंयसून देऊ?”
माझ्याकडे तयार वाक्य होतं: नैसर्गिक आपत्ती वगळून.
पण रोज सकाळी साडेदहाला सुटणारा वारा
आपत्ती कसा?
वीस वर्षं हे वाक्य टाईप करते,
माझ्या खिडकीचे गज बोट लावलं की पापुद्र्याने सुटतात,
मला कधी प्रश्न पडला नव्हता.
शेवटी लिहिलं: समुद्राकडून येणारा गंज वगळून.
मृदुलाताईंनी दोनदा वाचलं,
रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं,
तिसरा पक्षकार तिथे उभा असावा तसं,
आणि “चालेल” म्हणाल्या.

मग नेहमीचं, मी न बघता टाईप करते ते:
राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता
“थांब. नशा ठीक आसा.
पाणी न करता?
ह्याच तर माजा काम!”
मी समजावलं, जुनी रीत आहे, सगळ्यांच्याच कागदात असतं.
तो हसत नव्हता.
चाळीस वर्षं भिंतीच्या आतून पाणी नेलेला माणूस
खोटं लिहून द्यायला तयार नव्हता.
मी ‘पाणी’ खोडलं.
नुसतं नशा न करता उरलं, उघडं पडलेलं,
ताई म्हणाल्या, “म्हणजे रोज घेतो असं वाटतंय,”
मग मात्र तिघंही हसलो.

नकाशा नव्हता घराचा.
त्याने माझा पेन मागितला,
कोऱ्या कागदावर रेघ ओढली: टाकीकडून खाली,
मोरीच्या चिऱ्यामागून, जिन्याखालून डावीकडे,
एल्बो, टी, परत एल्बो, कुठे न अडखळता,
आपल्याच हाताच्या शिरा काढाव्यात तसं.
एका ठिकाणी गोल केला.
“ह्यो सांधो बापाशीन घातलेलो. ह्येका हात लावूचो नाय.”
मी वर लिहिलं: परिशिष्ट अ.
ह्या कलमाला काय म्हणतात, मला माहीत नाही.

सही झाली, वळणदार, शाळेतली.
अंगठा उमटला नाही.
पॅडवर दाबला, कागदावर दाबला,
नुसता निळा डाग, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा.
“रेघो सोल्युशनात गेल्यो,” तो म्हणाला,
“रेशनाचा मशीन पण वळखत नाय माका.”
मी डागाखाली लिहिलं: निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची.
लिहिलं की ती होते.

त्याने युनियन उचलून खिशात टाकला.
कागद फडफडला, उडालाच,
तीन हात एकदम पडले त्याच्यावर.
तारीख अजून भरायची होती.